विश्लेषण : झिंकची गोळी औषधाची, मग झिंक क्लोराइडची बाटली धोक्याची कशी? प्रयोगशाळेत नेमके काय चुकते?

करोनाच्या साथीत ‘झिंक’ हा शब्द घराघरांत पोहोचला. व्हिटॅमिन सीच्या गोळीबरोबर झिंकची गोळीही घेतली जाऊ लागली. लहान मुलांना जुलाब झाले की डॉक्टर ओआरएससोबत झिंकच्या गोळ्या देतात, हे त्याआधीपासून अनेक पालकांना माहीत होते. शेतकरी झिंक सल्फेटची पोती खतांच्या दुकानातून आणतात. त्यामुळे कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील कपाटात ‘झिंक क्लोराइड’ अशी चिठ्ठी लावलेली पांढऱ्या पुडीची बाटली दिसली, तर कुणी दचकत नाही. सल्फ्युरिक आम्लाच्या बाटलीपासून चार हात दूर राहणारे विद्यार्थी ही बाटली मात्र उघड्या हाताने उचलतात.

पण रसायनांच्या जागतिक वर्गीकरणात झिंक क्लोराइडची नोंद ‘दाहक’ म्हणून आहे. त्वचेवर भाजल्यासारख्या जखमा करणारे, डोळ्यांना गंभीर इजा करणारे, गिळल्यास अपायकारक आणि जलचरांसाठी अतिशय विषारी असे हे रसायन आहे. त्याच्या धुराने माणसे दगावल्याच्याही नोंदी आहेत. नावात झिंक असलेल्या दोन पदार्थांत एवढा फरक का आणि प्रयोगशाळेत काय काळजी घ्यायला हवी?

झिंक क्लोराइड कुठे कुठे वापरतात?

झिंक म्हणजे जस्त. जस्ताची हायड्रोक्लोरिक आम्लाशी क्रिया झाली की झिंक क्लोराइड तयार होते आणि हायड्रोजन वायू बाहेर पडतो. पत्र्याचे डबे, रेडिएटर यांना डाग देणारे अनेक कारागीर हाच प्रकार दुकानाच्या कोपऱ्यात करतात. आम्लात जस्ताचे तुकडे टाकायचे, बुडबुडे थांबले की ते पाणी डाग देण्याआधी पत्र्यावर फिरवायचे. पत्र्यावरचा गंज आणि ऑक्साइडचा थर त्याने निघतो आणि कथील नीट चिकटते. बुडबुडे येत असताना शेजारी स्टोव्ह पेटलेला असेल तर काय होऊ शकते, हे सांगायला नको.

लोखंडावर जस्ताचा मुलामा देणाऱ्या गॅल्व्हनायझिंग कारखान्यांत झिंक क्लोराइड आणि नवसागर यांचे मिश्रण वापरतात. घड्याळात किंवा रिमोटमध्ये घालायच्या ‘हेवी ड्यूटी’ असे छापलेल्या साध्या सेलमध्येही हेच द्रावण असते. शाळेच्या प्रकल्पासाठी कार्बनची कांडी हवी म्हणून मुले जुना सेल फोडतात, तेव्हा बोटांना लागणाऱ्या काळ्या चिकट लगद्यातही ते असू शकते.

महाविद्यालयात त्याची गाठ दोन ठिकाणी पडते. एक, क्षारांचे परीक्षण, म्हणजे विद्यार्थ्यांच्या भाषेत ‘सॉल्ट अ‍ॅनालिसिस’. दोन, अल्कोहोलचा प्रकार ओळखण्याची ल्युकास चाचणी. या चाचणीचे द्रावण तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात निर्जल झिंक क्लोराइड विरघळवून करतात. विद्यार्थ्याच्या वाट्याला त्यातले काही थेंब येतात, पण संपूर्ण वर्गासाठी बाटलीभर द्रावण करून ठेवण्याचे काम बहुतेक ठिकाणी लॅब असिस्टंटचे असते. म्हणजे खरा संपर्क त्यांचाच जास्त.

गोळीतले झिंक आणि बाटलीतले झिंक यांत फरक काय?

पहिला फरक मात्रेचा. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००४ मध्ये जुलाब झालेल्या मुलांना दिवसाला २० मिलिग्रॅम झिंक १० ते १४ दिवस द्यावे, अशी शिफारस केली. सहा महिन्यांखालील बाळांसाठी हीच मात्रा १० मिलिग्रॅम आहे. चमचाभर झिंक क्लोराइडमध्ये याच्या शेकडो पट झिंक असते.

दुसरा फरक अधिक महत्त्वाचा. जस्त कुणाशी जोडलेले आहे, यावर त्याचा स्वभाव ठरतो. झिंक ऑक्साइड पाण्यात जवळपास विरघळतच नाही, म्हणून ते कॅलामाइन लोशनमध्ये चालते. झिंक क्लोराइड मात्र पाण्यावर तुटून पडते. २५ अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात ते चार किलोहून अधिक विरघळते. विरघळताना उष्णता बाहेर पडते आणि द्रावण आम्लधर्मी होते. ओलसर त्वचा, डोळ्यांतले पाणी, श्वासनलिकेचे ओले अस्तर, ही सगळी त्याच्यासाठी पाण्याचीच ठिकाणे आहेत. तिथे ते विरघळते आणि पेशींमधील प्रथिनांना गोठवून मारते.

पेशी मारण्याचा हा गुण वैद्यकशास्त्राने एकेकाळी मुद्दाम वापरला. अमेरिकी शल्यचिकित्सक फ्रेडरिक मोह्स यांनी १९३० च्या दशकात त्वचेचा कर्करोग थराथराने काढण्याची पद्धत विकसित केली. त्यात ते आधी झिंक क्लोराइडचा लेप लावून तेवढा भाग मृत करत. पुढे लेप मागे पडला, शस्त्रक्रियेची पद्धत मात्र त्यांच्याच नावाने आजही केली जाते. तोच घटक असलेली ‘ब्लॅक साल्व्ह’ नावाची मलमे इंटरनेटवर कर्करोगावर उपाय म्हणून विकली जातात. त्यांनी नाक-कानाचे तुकडे गळून पडल्याची प्रकरणे आहेत आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्यांच्याविरुद्ध इशारे दिले आहेत.

इतर झिंक क्षारही अगदी साळसूद आहेत असे नाही. पोत्यात मिळणारे झिंक सल्फेट डोळ्यात गेले तर गंभीर इजा करते. पोलिओची साथ असताना १९३७ मध्ये कॅनडातील टोरंटो येथे हजारो मुलांच्या नाकात झिंक सल्फेटचा फवारा मारण्यात आला होता. पोलिओ त्याने थांबला नाही, उलट काही मुलांची वास घेण्याची क्षमता गेली.

पावसाळ्यात ही बाटली वेगळी का वागते?

निर्जल झिंक क्लोराइड हवेतला ओलावा ओढून घेते. जुलै महिन्यात कोकणातल्या किंवा मुंबईतल्या प्रयोगशाळेत काचेच्या बशीत थोडी पूड उघडी ठेवली, तर ती आधी चिकट होते आणि नंतर स्वतःच शोषलेल्या पाण्यात विरघळून जाते. झाकण नीट न लावलेल्या बाटलीच्या तोंडाशी जो पातळ, चिकट थर दिसतो, तो पाणी नसून तीव्र द्रावण असते. बाटली उचलताना बोटांना लागते ते हेच. बोटे ओली झाली म्हणून अ‍ॅप्रनला पुसली जातात आणि थोड्या वेळाने तोच हात डोळ्याकडे जातो.

ओल्या पुडीला गरम करून पुन्हा कोरडे करता येईल, हा समजही चुकीचा आहे. तापवल्यावर पाण्याशी क्रिया होऊन हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते आणि मागे झिंकचा वेगळाच क्षार उरतो. ल्युकास चाचणी ‘येत नाही’ म्हणून विद्यार्थी वैतागतात, त्यामागे अनेकदा अशी ओलावा शोषलेली पूड असते.

आणखी एक गंमत म्हणजे त्याचे तीव्र द्रावण कागद आणि सुती कापडातील सेल्युलोजही विरघळवते. म्हणून ते साध्या फिल्टर पेपरमधून गाळू नये. सुती अ‍ॅप्रनवर सांडलेले द्रावण तसेच वाळू दिले, तर कापड तर कमकुवत होतेच, पण तोपर्यंत ते आतल्या कपड्यांत झिरपून त्वचेपर्यंत पोहोचते. अ‍ॅप्रन लगेच काढायचा असतो, हे अ‍ॅप्रन सक्तीचा करणाऱ्या अनेक वर्गांत सांगितलेच जात नाही.

धूर सर्वात घातक का?

बाटलीतले झिंक क्लोराइड हवेत आपोआप उडत नाही. ते साधारण २९० अंशांच्या आसपास वितळते आणि ७३२ अंशांना उकळते. पण वितळलेल्या क्षारातून त्याआधीच पांढरा धूर निघू लागतो. हे कण इतके बारीक असतात की ते नाकात, घशात न अडकता थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात.

याचे सर्वात भयंकर उदाहरण दुसऱ्या महायुद्धातले आहे. सैन्याला लपण्यासाठी धुराचा पडदा तयार करणाऱ्या काही डब्यांत जळताना झिंक क्लोराइड तयार होते. असे डबे एका भुयारात पेटले आणि आत असलेल्या ७० जणांना तो धूर सहन करावा लागला. त्यातील १० जण दगावले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९४५ मध्ये या रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. मोकळ्या मैदानासाठी बनवलेली वस्तू बंदिस्त जागेत जीवघेणी ठरली. त्यानंतरही लष्करी आणि अग्निशमन सरावांत अशा धुराने फुप्फुसे निकामी झाल्याची प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकांत येत राहिली.

या रुग्णांत वारंवार आढळलेली गोष्ट म्हणजे उशिराने बिघडणारी प्रकृती. सुरुवातीला खोकला, घशात जळजळ, छातीत आवळल्यासारखे वाटते. मग काही तास बरे वाटते. रुग्ण घरी जातो. त्यानंतर काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनी धाप लागते आणि फुप्फुसात पाणी साचू लागते. म्हणूनच असा धूर छातीत गेलेल्या व्यक्तीला ‘आता ठीक वाटतेय ना, मग जा’ असे सांगून सोडणे धोक्याचे ठरते.

इथे एक गल्लत नेहमी होते. गॅल्व्हनाइज्ड पाइपचे वेल्डिंग करणाऱ्यांना रात्री थंडी वाजून ताप येतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो. तो झिंक ऑक्साइडच्या धुराचा परिणाम. कारखान्यांत तो इतका परिचयाचा आहे की त्याची कुणी फारशी दखल घेत नाही. झिंक क्लोराइडच्या धुराला हा नियम लावता येत नाही. ऑक्साइडचा ताप ओसरतो, क्लोराइड मात्र फुप्फुसाचे अस्तर जाळते.

किती धूर म्हणजे जास्त? अमेरिकेत कामाच्या जागी आठ तासांच्या सरासरीसाठी एक घनमीटर हवेत एक मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. ५० मिलिग्रॅम ही पातळी जीवाला तत्काळ धोका मानली जाते. आता थोडा हिशेब. १० मीटर लांब, ८ मीटर रुंद आणि साडेतीन मीटर उंच प्रयोगशाळेत २८० घनमीटर हवा मावते. म्हणजे पाव ग्रॅमहून थोडे अधिक झिंक क्लोराइड धूर होऊन हवेत पसरले, तर पहिली मर्यादा गाठली जाते. तीन बाय दोन मीटरच्या, तीन मीटर उंचीच्या बंद स्टोअररूममध्ये एक ग्रॅमपेक्षाही कमी धूर दुसऱ्या पातळीपर्यंत नेतो. परीक्षानळीत तापवलेली सगळी पूड धूर होत नाही, हे खरे. पण वर्गात एकाच वेळी २० बर्नर पेटलेले असतात आणि प्रत्येक जण नळीच्या तोंडाशी वाकून रंग आणि वास पाहत असतो. पंखा मात्र ज्योत हलते म्हणून बंद केलेला असतो.

हाताळताना काय पाळायचे?

डोळ्यांचे संरक्षण सर्वात आधी. साधा चष्मा पुरेसा नाही, बाजूने बंद असलेला गॉगल हवा. तीव्र द्रावणाचा शिंतोडा डोळ्याच्या पारदर्शक पडद्यावर कायमचा पांढरा डाग ठेवू शकतो. हातात नायट्राइलचे मोजे. द्रावण करताना थंड पाण्यात पूड थोडी थोडी टाकत ढवळायचे, पुडीवर पाणी ओतायचे नाही. ल्युकासचे द्रावण बर्फाच्या पाण्यात भांडे ठेवून आणि फ्यूम हूडमध्येच करायला हवे. हूड नसेल, तर निदान खिडकीजवळ, हवा बाहेर जाईल अशा जागी. ज्या महाविद्यालयात हूड आहे पण त्याचा पंखा बंद पडलेला आहे, तिथे ते एक काचेचे कपाट आहे, एवढेच.

बाटली घट्ट झाकणाची, काचेची किंवा प्लॅस्टिकची असावी. द्रावण धातूंना खाते, त्यामुळे पत्र्याचे झाकण किंवा लोखंडी चमचा नको. जागा खालच्या फळीवर. डोक्याच्या उंचीवरून बाटली काढताना सांडले की ते थेट चेहऱ्यावर येते.

अंगावर पडले तर?

कोरडी पूड असेल तर आधी ती झटकून किंवा कोरड्या कापडाने काढून टाकावी आणि लगेच नळाच्या वाहत्या पाण्याखाली तो भाग धरावा. किमान १५ मिनिटे. घड्याळ लावून पाहिले तर कळते की हा वेळ बराच मोठा असतो आणि बहुतेक जण दोन मिनिटांतच नळ बंद करतात. भिजलेले कपडे, अंगठी, घड्याळ काढावे. आम्लासारखे आहे म्हणून वर खाण्याचा सोडा चोळणे, हळद किंवा टूथपेस्ट लावणे टाळावे. त्वचेवर सुरुवातीला फक्त लाली दिसू शकते, जखम नंतर खोल जाते.

डोळ्यात गेल्यास पापण्या बोटांनी उघड्या धरून तेवढाच वेळ पाण्याची धार सोडावी. कॉन्टॅक्ट लेन्स असेल आणि सहज निघत असेल तर काढावी. त्यानंतर थेट नेत्ररोगतज्ज्ञाकडे, उद्यावर न ढकलता.

पोटात गेल्यास उलटी करवू नये, कारण वर येताना ते अन्ननलिका दुसऱ्यांदा जाळते. तोंड धुऊन रुग्णालय गाठावे. राज्यात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. दिल्लीच्या ‘एम्स’मधील राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या टोल फ्री क्रमांकावर डॉक्टरांना आणि नागरिकांनाही माहिती देते. सोबत बाटली, निदान तिच्या लेबलचा मोबाइलवर काढलेला फोटो न्यावा.

सांडलेली पूड बेसिनमध्ये का ओतू नये?

कारण ती पुढे नाल्यात, नाल्यातून नदी किंवा खाडीत जाते आणि विरघळलेले जस्त मासे व पाण्यातील सूक्ष्म जीवांना मारते. सांडलेली पूड प्लॅस्टिकच्या सुपलीत कोरडीच गोळा करावी. जागेवर उरलेल्या अंशावर धुण्याच्या सोड्याचे द्रावण टाकले की जस्त पांढरा साका होऊन खाली बसते आणि तो साका पुसून वेगळ्या डब्यात ठेवता येतो. हा डबा कुठे द्यायचा, हा पुढचा प्रश्न. रासायनिक कचरा अधिकृत संस्थेकडे देण्याचा करार मोठ्या संशोधन संस्थांकडे असतो. तालुक्याच्या ठिकाणच्या कनिष्ठ महाविद्यालयात तो डबा वर्षानुवर्षे स्टोअररूममध्ये राहण्याचीच शक्यता अधिक.

लेबल असूनही माहिती का पोहोचत नाही?

धोक्याची चिन्हे जगभर सारखी असावीत, यासाठी संयुक्त राष्ट्रांनी ‘जीएचएस’ ही पद्धत आणली. तिची पहिली आवृत्ती २००३ मध्ये निघाली. युरोपीय महासंघाने २००८ मध्ये आणि अमेरिकेने २०१२ मध्ये ती आपल्या नियमांत घेतली. भारतात असेच वर्गीकरण आणि लेबल लागू करू पाहणारा रसायन व्यवस्थापन नियमांचा मसुदा २०२० मध्ये पुढे आला आणि बराच काळ मसुदाच राहिला. मोठ्या कंपन्यांच्या बाटल्यांवर हातावर थेंब पडून तो झिजल्याचे चिन्ह आणि शेजारी मेलेला मासा व वठलेले झाड आता दिसतात. कारखान्यातील कामगारांच्या सुरक्षेचे कायदे मात्र कारखान्यांचा विचार करून लिहिलेले आहेत. अकरावीच्या वर्गातील २० मुले आणि एक लॅब असिस्टंट त्यात नीट बसत नाहीत.

त्यातही खरी अडचण कपाटातल्या मोठ्या बाटलीची नाही. विद्यार्थ्याच्या हातात मूळ बाटली येतच नाही. त्याला मिळते ती कागदाची पुडी किंवा छोटी कुपी आणि तिच्यावर फक्त क्रमांक. क्षार ओळखणे हीच परीक्षा असल्याने नाव लपवलेले असते. अभ्यासक्रमातील आयनांच्या यादीत जस्तही आहे आणि क्लोराइडही. म्हणजे पुडी क्रमांक सातमध्ये झिंक क्लोराइड असू शकते आणि ते तापवणाऱ्या मुलीला आपण काय तापवत आहोत, हे प्रयोग संपेपर्यंत ठाऊक नसते. त्याच वेळी डोळ्यात कण गेला, तर रुग्णालयातला पहिला प्रश्न असतो, ‘काय गेले?’

यावर उपाय खर्चीक नाही. कोणत्या क्रमांकात कोणता क्षार आहे, याची यादी बहुतेक ठिकाणी परीक्षकाकडे किंवा कुलूपबंद कपाटात असते. तिची एक प्रत बंद पाकिटात प्रयोगशाळेतच, प्रथमोपचार पेटीशेजारी ठेवता येते. दाहक पदार्थाचे चिन्ह सर्वच पुड्यांवर सारखेच छापले, तर उत्तरही फुटत नाही आणि मीठ असो वा झिंक क्लोराइड, प्रत्येक पुडी गॉगल लावूनच उघडली जाते.